परदेशातला स्वतःचा नंबर

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जायला निघालेल्या आईवडिलांची तयारी दोन-दोन महिने आधीपासून सुरू होते. व्हिसा, विमा, सहा महिन्यांची औषधे आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातवंडांचे कपडे. बॅग ठरलेल्या वजनाच्या वर जाते आहे का हे पाहायला शेजाऱ्यांकडून वजनकाटाही आणला जातो. आमच्या सांगलीत ओळखीचे कुणी निघाले की मला हमखास फोन येतो, कारण मी जाऊन आलेली. काय काय न्यायचे, विमानात जेवण कसे असते, इमिग्रेशनला काय विचारतात, असे सगळे प्रश्न असतात. फक्त एक प्रश्न आजपर्यंत कुणी आपणहून विचारलेला नाही. तो म्हणजे तिथे गेल्यावर तुमच्या हातातला फोन चालणार आहे का? मी विचारले तर उत्तर येते, "ते मुलगा बघेल हो. घरात वायफाय आहेच."

ह्या "वायफाय आहेच" बद्दलच मला आज लिहायचे आहे. माझे मत अगदी स्पष्ट आहे. वडीलधारी माणसे परदेशात उतरल्यापासून त्यांच्याकडे स्वतःचा, घराबाहेरही चालणारा फोन नंबर असला पाहिजे. वायफायवर चालणारे व्हॉट्सॅप म्हणजे फोन नव्हे. हा नंबर म्हणजे चैन नाही आणि मुलांच्या खर्चात भरही नाही. औषधांच्या डब्याइतकीच ती गरजेची वस्तू आहे.

मी २००९ पासून चार वेळा न्यू जर्सीला मुलीकडे राहून आले, दर वेळी चार ते सहा महिने. माझे शिक्षण मराठी माध्यमातून बी. ए., आणि नोकरी शाळेत मराठी व इतिहास शिकवण्याची. तेव्हा यंत्रांची मला जन्मजात आवड आहे असे कुणी समजू नये. पण ह्या पंधरा-सोळा वर्षांत फोन कसा बदलत गेला ते मी वापरून पाहिले आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

आमच्या पिढीने फोनची किती रूपे पाहिली! लहानपणी परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहायची. भारतात थेट नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० साली कानपूर आणि लखनौ ह्या दोन शहरांत प्रथम सुरू झाली. आमच्या गल्लीत ती यायला बरीच वर्षे गेली. मोबाईल आला ३१ जुलै १९९५ रोजी. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मोबाईलवर बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. फोन घेणाऱ्याला पैसे पडणे २००३ मध्ये बंद झाले आणि मग मोबाईल भाजीवाल्याच्या हातातही दिसू लागला.

२००९ मध्ये मी पहिल्यांदा अमेरिकेत गेले तेव्हा माझ्याकडे तिथे चालणारा मोबाईल नव्हता, आणि तरी माझे काही अडले नाही. ह्याचे कारण मुलीच्या घरात तारेचा फोन होता. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून पाच डॉलरचे कॉलिंग कार्ड आणायचे, त्यावरचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडायचा, आधी एक नंबर, मग आकड्यांची लांबलचक रांग, मग सांगलीचा नंबर. तिसऱ्या प्रयत्नात का होईना, बहिणीचा आवाज ऐकू यायचा. मुलगी आणि जावई ऑफिसात गेले तरी घरात फोन असायचा. बाहेर गेले तर नाणी टाकून बोलण्याचे सार्वजनिक फोनही कुठे कुठे होते.

आता ह्यातले काय उरले आहे? मुलीच्याच काय, तिच्या ओळखीच्या कुठल्याच तरुण घरात आता तारेचा फोन नाही. सार्वजनिक फोन तर गेलेच. न्यूयॉर्क शहराने आपल्या मालकीचा शेवटचा सार्वजनिक फोन टाइम्स स्क्वेअरजवळून २३ मे २०२२ रोजी उचलून नेला. तिथे आता रस्त्याच्या कडेला उंच खांब उभे आहेत, त्यांवरून अमेरिकेतल्या अमेरिकेत फुकट बोलता येते, पण ते मोठ्या शहरात. जिथे आपली मुले घर घेतात त्या वसाहतींमध्ये असले काही नसते. म्हणजे पूर्वी ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याच्यासाठी दुसरी सोय होती, ती आता उरलेली नाही. हा मुद्दा तरुण मुलांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्या हातातला फोन सदैव चालू असतो.

"पण आपला भारतातला नंबर रोमिंगवर चालतोच ना?" असे कुणी विचारेल. चालतो, पण कसा चालतो ते माहीत असावे. आपण विमानतळावर उतरून फोन सुरू केला की तो आसपासच्या कुठल्या तरी कंपनीच्या मनोऱ्याशी बोलू लागतो. ती परदेशी कंपनी आपल्या सिमकार्डावरून आपली कंपनी कोणती ते ओळखते आणि तिला विचारते, हे गिऱ्हाईक तुमचे का, याचे पैसे तुम्ही द्याल का? आपली कंपनी हो म्हणाली की फोन सुरू. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांमधले असे करार १९९२ पासून होत आले आहेत, पहिला फिनलंड आणि इंग्लंडमधल्या दोन कंपन्यांत झाला. बोर्डिंगातल्या मुलाने गावातल्या दुकानातून उधारीवर वस्तू घ्याव्यात आणि महिन्याच्या शेवटी बिल वडिलांकडे जावे, तसाच हा प्रकार.

त्यातली गंमत पुढे आहे. समजा बागेत दोन आज्या आहेत, एक सांगलीची, एक नाशिकची, आणि दोघींच्याही फोनमध्ये भारतातलीच सिमकार्डे आहेत. सांगलीच्या आजीने बाकावर बसून तळ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या नाशिकच्या आजीला फोन लावला. तो फोन आधी अमेरिकेतून भारतात जातो, तिथून परत अमेरिकेत येतो आणि मग तळ्याच्या पलीकडे वाजतो. खास रोमिंगचा पॅक घेतलेला नसेल तर सांगलीच्या आजीला परदेशी फोन लावल्याचे पैसे, आणि नाशिकच्या आजीला परदेशात फोन घेतल्याचे पैसे. त्यापेक्षा हाक मारलेली बरी! भारतातून कर्ज घेता का म्हणून विचारणारी बाई रात्री दोन वाजता फोन करते, तेव्हाही असेच होते. तिला काय माहीत आपण कुठे आहोत? न्यू जर्सीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि थंडीत साडेदहा तास मागे असते. तिची दुपार ती आपली मध्यरात्र.

दहा-पंधरा दिवसांच्या सहलीसाठी रोमिंगचा पॅक घ्यावा, त्यात काही गैर नाही. पण सहा महिने त्यावर राहणे कुणाच्याच खिशाला परवडणारे नाही. म्हणून बहुतेक घरांत काय होते? भारतातले सिम फोनमध्ये तसेच ठेवतात, रोमिंग बंद करतात आणि घरचे वायफाय जोडून देतात. "झाले आई, व्हॉट्सॅप सुरू झाले. आता तू सगळ्यांशी बोल." आई खूश, मुलगाही खूश. घराच्या चार भिंतींत सगळे छान चालते. अंगण ओलांडून पुढच्या वळणावर गेले की तोच फोन घड्याळ आणि कॅमेऱ्यापलीकडे काही कामाचा राहत नाही.

ह्याने काय होऊ शकते ते मी जवळून पाहिले आहे. एडिसनमधल्या बागेत उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडच्या आजी-आजोबांचा अड्डा जमतो. गुजराती, तेलुगू, पंजाबी, मराठी, सगळे असतात. २०१८ च्या मुक्कामात आमच्या मराठी बाकावर नगर जिल्ह्यातले एक आजोबा येत. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी केलेली. कुठल्या गाडीला कुठे किती मिनिटे थांबा होता ते अजून तोंडपाठ. गप्पांना एकदम रंगतदार माणूस. एका संध्याकाळी बागेतून घरी जाताना एक वळण आधीच वळले. ज्यांनी त्या वसाहती पाहिल्या आहेत त्यांना कळेल. एकासारखे एक घर, एकाच रंगाची गॅरेजची दारे, रस्त्याला नाव असते पण खुणेचे दुकान नाही, पानाची टपरी नाही, रिक्षास्टँड नाही, विचारायला रस्त्यावर माणूसच नाही. गाड्या तेवढ्या सुसाट जातात. अनोळखी घराचे दार वाजवू नये असे मुलाने बजावलेले. खिशात वीस हजारांचा फोन, त्यात मुलाचा आणि सुनेचा नंबर डोळ्यांना दिसतो आहे, पण लावता येत नाही. दीड तास ते चालत राहिले. शेवटी बाबागाडी घेऊन चाललेल्या एका तरुण बाईला त्यांनी फोनवरचा नंबर दाखवला. तिने तिच्या फोनवरून लावला. मुलाने अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही. सुनेने उचलला, तेव्हा सुटका झाली.

आजोबा सुखरूप घरी पोचले, पाय सुजले तेवढेच. मला खरे वाईट वाटले ते त्यानंतर जे झाले त्याचे. त्यांना एकट्याने बाहेर सोडणे बंद झाले. सून कामावरून आली की ती गाडीतून बागेत सोडणार आणि अर्ध्या तासाने न्यायला येणार, तेही तिला वेळ असेल तर. आठवड्यातून दोनदा दिसू लागले, मग एकदा, मग नाहीच. ठरल्यापेक्षा दीड महिना आधी ते भारतात परतले. महिन्याला पंधरा डॉलरचे सिमकार्ड घालून देणे हा उपाय त्या घरात कुणाला सुचला नाही. आजोबांनीही मागितले नाही. मुलगा वाईट होता असे मुळीच नाही. वडिलांच्या काळजीपोटीच त्याने हे केले. पण वडिलांना घरात बसवणे हा काळजीचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महागडा मार्ग आहे, असे मला वाटते.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते मी अनेकदा ऐकले आहेत.

पहिला आक्षेप खर्चाचा. अमेरिकेत महिन्याला १५ ते २५ डॉलरमध्ये बोलणे, मेसेज आणि थोडेफार इंटरनेट देणारी प्रीपेड सिमकार्डे मिळतात. मोठ्या कंपन्यांची जाळी भाड्याने घेऊन छोट्या कंपन्या ही विकतात. चार जणांचे कुटुंब एकदा बाहेर पिझ्झा खाऊन आले तर याहून जास्त बिल होते. विमानाचे तिकीट आणि विमा यांच्यापुढे तर हा आकडा कुठेच नाही.

दुसरा आक्षेप असा की "अडचण आलीच तर ९११ आहे." खरे आहे. अमेरिकेत सिम नसलेल्या मोबाईलवरूनही ९११ लागतो, कंपन्यांना तसा नियमच आहे. हे प्रत्येक आजीआजोबांना शिकवून ठेवावे. पण तशा फोनवर पोलिसांना उलट फोन करता येत नाही, मध्येच तुटला तर तुटला. आणि हे सगळीकडे खरे नाही. ब्रिटनमध्ये सिम नसलेल्या फोनवरून आणीबाणीचा नंबर लागत नाही. व्हॉट्सॅपवरून पोलीस किंवा रुग्णवाहिका बोलावता येत नाही हे तर ती कंपनी स्वतःच सांगते. शिवाय रस्ता चुकला, बस चुकली, चप्पल तुटली, पावसात अडकलो, ह्यासाठी कुणी पोलिसांना बोलावते का? रोजच्या अडचणी मुलीला फोन करून सुटण्यासारख्याच असतात.

तिसरा आक्षेप, "त्यांना जमणार नाही." ह्यावर एक जुनी मास्तरीण म्हणून मी एवढेच म्हणेन की ज्यांनी तुम्हाला बाराखडी आणि पाढे शिकवले त्यांना तुम्ही एकच गोष्ट किती वेळा सांगून पाहिली? एकदा सांगून "जाऊ दे, मीच करतो" म्हणत फोन हातातून काढून घेतला तर कुणालाच जमणार नाही. वर्गातल्या मुलाच्या हातातून मी पेन्सिल काढून घेत नसे. चुकले तरी त्यालाच लिहू देत असे.

चौथा अडथळा आपल्याच बाजूचा आहे आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. तो म्हणजे भीड. मुलीच्या घरी राहायला गेलेल्या आईला जावयाच्या घरात आणखी खर्च मागणे नको वाटते. मुलाकडे गेलेल्या वडिलांना सुनेसमोर मागणे नको वाटते. आपण दोन जास्तीच्या साड्या मागणार नाही हे ठीक आहे, पण म्हणून फोनही मागणार नाही? २०१४ साली मी मुलीला सरळ सांगितले, "मला माझा नंबर दे, पैसे मी देते, मगच सहा महिने राहीन." ती हसली. जावई म्हणाले, "आई, तुम्ही सांगितलेत ते बरे झाले, आमच्या लक्षातच आले नव्हते." बहुतेक घरांत असेच असते. मुलांना सुचलेले नसते, आणि आपण बोललेले नसतो. पैशांची भीड वाटत असेल तर जाताना चार डॉलर जास्त न्यावेत आणि आपल्या सिमचे पैसे आपण द्यावेत. पेन्शन कशासाठी असते?

नवे सिम घ्यायचे म्हणजे जुने फेकायचे असे मात्र नाही. आजकालच्या फोनमध्ये दोन सिम राहतात, किंवा एक कार्ड आणि दुसरे ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच भरलेले. भारतातले सिम जिवंत ठेवणे आपल्या वयाच्या लोकांना फार आवश्यक आहे. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. आधारशी तोच नंबर जोडलेला असतो. वीजबिल भरायचे, एफडीची मुदत संपली म्हणून नूतनीकरण करायचे, सगळ्याला तो आकडी मेसेज लागतो. रिचार्ज संपून बरेच दिवस गेले तर नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याच कुणाच्या नावे जातो, मग बँकेत खेटे घालण्याला अंत नाही. म्हणून निघण्याआधी परतीच्या तारखेच्या पुढे जाईल असे रिचार्ज करावे. त्या सिमवर रोमिंगमध्ये मेसेज येतील एवढी सोय चालू आहे का आणि त्याचे पैसे पडतात का, हे कंपनीला विचारून घ्यावे. त्या सिमवरचे इंटरनेट, ज्याला डेटा रोमिंग म्हणतात, ते मात्र बंदच ठेवावे. आपण फोन खिशात ठेवून झोपलो तरी तो आपला फोटो वर पाठव, अॅप नवे कर, असे उद्योग गुपचूप करत असतो आणि त्याचे बिल येते.

व्हॉट्सॅप जुन्याच नंबरावर राहू द्यावे. नवे सिम घातले तरी ते चालते, नंबर बदलू का असे त्याने विचारले तर नाही म्हणावे. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. फोनमधले सगळे नंबर अधिकचे चिन्ह आणि देशाचा आकडा घालून साठवावेत, भारताचे +९१, अमेरिकेचे +१, ब्रिटनचे +४४. मग तोच नंबर सांगलीतूनही लागतो आणि शिकागोतूनही. शून्याची कळ दाबून धरली की अधिकचे चिन्ह येते.

ई-सिम घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: "याला बोलण्याचा नंबर आहे का?" प्रवाशांसाठी मिळणारी पुष्कळशी ई-सिमे फक्त इंटरनेट देतात, नंबर देत नाहीत. तरुण मुलांना ती पुरतात. आजोबांचा नंबर बाबागाडीवाल्या बाईला सांगायचा असेल तर ती पुरत नाहीत. तसेच आपला फोन तिथे बोलण्यासाठी चालतो का हेही आधी पाहावे. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले. त्यामुळे आपला जुना बटणांचा फोन तिथे मुका होण्याची शक्यता फार, आणि भारतात घेतलेला प्रत्येक नवा फोनही तिथल्या प्रत्येक कंपनीवर बोलण्यासाठी चालेलच असे नाही. मुलांनी फोनचे मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहिले तर दोन मिनिटांत कळते.

हे झाले मुलांकडे राहायला जाणाऱ्यांचे. सहलीला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. युरोपच्या बारा दिवसांच्या सहलीत "टूर मॅनेजर आहेत की" असे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण चाळीस माणसांत एक मॅनेजर, आणि स्टेशनवर गर्दीत आपण स्वच्छतागृहात गेलेलो असताना मंडळी पुढे गेली तर? मॅनेजरचा नंबर आपल्या फोनमध्ये हवा आणि तो लागायला हवा. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशातले सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालते. पॅरिसला घेतलेले सिम रोममध्येही चालते, ही फार चांगली सोय. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, ब्रिटनही बाहेर पडला. आपल्या लोकांची सहल तर स्वित्झर्लंडशिवाय पूर्ण होत नाही! तेव्हा सिम किंवा पॅक घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आहेत का ते बघावे. दुबईत व्हॉट्सॅपवर लिहिता येते, पण त्यावरून बोलण्यावर तिथे अनेक वर्षे निर्बंध राहिलेले आहेत. चीनमध्ये तर तिथल्या वायफायवर व्हॉट्सॅप आणि गूगल दोन्ही बंद. "व्हॉट्सॅप आहे ना" हे वाक्य ह्या देशांत अगदीच लंगडे पडते.

माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ती म्हणते, "परदेशात जायचे ते चार नव्या गोष्टी पाहायला. तिथेही फोन कशाला? धबधबा बघायचा सोडून लोक त्याचा व्हिडिओ सांगलीला दाखवत बसतात." तिचे अर्धे म्हणणे मला पटते. नायगाऱ्यासमोर उभे राहून मोठ्या आवाजात भावजयीशी बोलणारी मंडळी मीही पाहिली आहेत, आणि आगगाडीच्या डब्यात स्पीकर लावून बोलणारी तर सगळ्यांनी पाहिली आहेत. जपानमध्ये गाडीत फोनवर बोलणे असभ्य समजतात हे ऐकून मला त्या लोकांचा हेवा वाटला. पण हा प्रश्न फोन किती वापरावा याचा आहे. माझा प्रश्न तो चालतो का एवढाच आहे. उलट माझा अनुभव असा की फोन चालू आहे या भरवशावर तो पिशवीतून बाहेर काढावाच लागत नाही. नंबर मिळाल्यावर मी एकटी वाचनालयात जाऊ लागले, बसने ओक ट्री रोडवर जाऊन भाजी आणू लागले, नातवाला शाळेच्या बसथांब्यावरून घरी आणू लागले. सहा महिन्यांत मुलीला घाबरून फोन करण्याची वेळ दोनदा आली असेल. पण ते दोन फोन लागणार आहेत हे माहीत होते, म्हणून बाकीचे शंभर दिवस मी घराबाहेर पडले.

फोनवर सगळी भिस्त ठेवू नये हेही तितकेच खरे. बॅटरी संपते, थंडीत तर लवकर संपते. म्हणून माझ्या पर्समध्ये एक कागद असतो. त्यावर इंग्रजीत घराचा पूर्ण पत्ता, मुलीचा आणि जावयांचा नंबर, रक्तगट, चालू औषधे आणि विम्याचा क्रमांक लिहिलेला. हीच माहिती फोनमध्येही भरता येते, कुलूप न उघडता दुसऱ्याला ती वाचता येते. मुलीचा नंबर पाठ करून घेतला तो वेगळाच. नातू रोज संध्याकाळी माझी परीक्षा घ्यायचा.

परदेशातल्या मुलामुलींना एक विनंती. आईवडिलांचे तिकीट काढाल त्याच दिवशी त्यांचा तिथला नंबरही ठरवून टाका. विमानतळावर घ्यायला याल तेव्हा सिम खिशात घेऊन या, आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांनाच तो नंबर लावून बघू द्या. पहिल्या आठवड्यात बाबांना एकट्याने कोपऱ्यापर्यंत जाऊ द्या आणि तिथून फोन करायला सांगा. अनोळखी नंबर आला तरी ते तुमच्याकडे आहेत तोवर उचलत जा.

आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, कुणी देण्याची वाट पाहू नका, मागून घ्या.

मला नीट माहिती आहे ती न्यू जर्सीची. ऑस्ट्रेलिया, जर्मनी, आखाती देश इथे मुलांकडे राहून आलेल्यांनी तिथे सिम घ्यायला कोणती कागदपत्रे लागतात, किती खर्च येतो ते जरूर कळवावे. आमच्या गल्लीतले एक जोडपे पुढच्या महिन्यात मेलबर्नला निघाले आहे. त्यांची भाजणी दळून झाली आहे, फोनचे अजून ठरायचे आहे.